राज्याचा भेदभावविरोधी कायदा वाढवायचा, तर धर्मस्वातंत्र्याची रेघ कुठे ओढायची?

कृष्णाकाठ

सांगली-साताऱ्यात बहिष्काराच्या तक्रारी हाताळणारे आणि देवस्थान, मठ, मशीद, जैन बस्तीचा (मंदिराचा) कारभार पाहणारे असे दोन्हीकडचे लोक इथे आहेत, म्हणून धागा काढतोय.

महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा विधिमंडळात २०१६ साली मंजूर झाला, जून २०१७ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि ३ जुलै २०१७ पासून तो लागू आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र, पण जामीनपात्र. कायदा चांगला आहे. पण त्याची सगळी इमारत 'समुदाय' या व्याख्येवर उभी आहे, आणि ही व्याख्या एकाच धर्माचे, पंथाचे, जातीचे किंवा पोटजातीचे लोक एवढ्यापुरतीच आहे. आपल्याच समाजातल्या माणसाला वाळीत टाकलं तरच हा कायदा लागतो.

समजा, वाळवा तालुक्यातलं एक गाव. जात पंचायतीने आपल्याच एका घराला आंतरजातीय लग्नावरून वाळीत टाकलं, तर २०१६ चा कायदा आहे. अनुसूचित जातीच्या घरावर गावातल्या इतर जातींनी बहिष्कार टाकला, तर अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहे. २०१५ च्या दुरुस्तीने त्यात कलम ३(१)(झेडसी) आलं. सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकणं, नुसती धमकी देणंसुद्धा गुन्हा, सहा महिने ते पाच वर्षे शिक्षा. पण गावाने ठरवलं की अमुक मुस्लीम घराचं दूध संकलन केंद्रावर घ्यायचं नाही, किंवा अमुक नाभिक कुटुंबाला गिरणीत दळण द्यायचं नाही, तर? पीडित अनुसूचित जाती-जमातीचा नाही, म्हणून अ‍ॅट्रॉसिटी नाही. आरोपी आणि पीडित एका समुदायाचे नाहीत, म्हणून २०१६ चा कायदा नाही. २०२५ मध्ये मढीच्या यात्रेत मुस्लीम व्यापाऱ्यांना दुकानं लावू द्यायची नाहीत असा ग्रामसभेचा ठराव झाला, तो नेमका या फटीत बसतो.

ही फट बुजवायला कायदा वाढवला पाहिजे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. प्रश्न मांडणीचा आहे. बहिष्कृत करण्याला बंदी घालणारा १९४९ चा मुंबई प्रांताचा कायदा १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. तीच ठेच पुन्हा लागू नये यासाठी मसुदा कसा लिहायचा, यावर बोलूया.

खटावकर (वकील)

१९६२ चा निकाल नीट समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

१९४९ च्या कायद्याने कुठल्याही समुदायाने कुठल्याही कारणासाठी केलेलं बहिष्करण सरसकट अवैध ठरवलं होतं. शिक्षा फक्त एक हजार रुपयांपर्यंत दंडाची. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं. ९ जानेवारी १९६२ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध एक असा निर्णय दिला. बहुमताचं म्हणणं थोडक्यात असं: श्रद्धेच्या मूळ गाभ्यालाच नाकारणाऱ्याला बाहेर काढण्याचा अधिकार हा पंथाच्या धार्मिक कारभाराचा भाग आहे, अनुच्छेद २६(ब) त्याला संरक्षण देतो, आणि हा कायदा धार्मिक कारणावरचं बहिष्करणही बंद करतो म्हणून तो घटनाबाह्य. सरन्यायाधीश बी. पी. सिन्हा एकटे वेगळे होते. त्यांचं म्हणणं, बहिष्कृताची अवस्था अस्पृश्यासारखी होते आणि ती टाळणारा कायदा ही समाजसुधारणा आहे.

निकाल वाचताना एक गोष्ट लक्षात येते. कायद्याने दोन वेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या होत्या. पंथाने एखाद्याला 'तू आमच्या श्रद्धेचा नाहीस' म्हणणं ही एक, आणि त्यामुळे त्याचं जगणं, व्यवहार, दफनाची जागा काढून घेणं ही दुसरी. गाठोडं सोडलंच नव्हतं, म्हणून एकासोबत दुसरंही गेलं.

या निकालाच्या फेरविचाराची याचिका १९८६ ची. १० फेब्रुवारी २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो प्रश्न शबरीमलाच्या संदर्भातल्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे पाठवला. त्या सुनावणीत असाही मुद्दा आला होता की २०१६ च्या कायद्यानेच १९४९ चा कायदा रद्द केलाय, मग वाद उरतो कुठे? पीठाने तरी प्रश्न जिवंत ठेवला.

म्हणजे मसुदा लिहिताना १९६२ चा निकाल लागू आहे असं धरूनच लिहायचं. नऊ न्यायमूर्ती पुढे काय म्हणतील यावर कायदा बांधणं म्हणजे पीडितालाच टांगणीला लावणं.

अनुच्छेद २५ मधलं एक वाक्यही जवळ ठेवा. धर्मस्वातंत्र्य 'या भागातील इतर तरतुदींना अधीन राहून' दिलेलं आहे, आणि २५(२)(ब) समाजसुधारणेचा कायदा करायला राज्याला वाट देतो. मंदिरप्रवेशाबाबत पंथाचा २६(ब) चा हक्कसुद्धा २५(२)(ब) खाली येतो, हे देवरू खटल्यात १९५७ लाच ठरलं. राज्याचे हात बांधलेले नाहीत. फक्त हात कुठे घालायचा ते नेमकं सांगावं लागतं.

दिंडीकर

कायद्याला विरोध नाही. पण काळजी खरी आहे ती सांगतो.

२०१६ च्या कायद्यातली बहिष्काराच्या कृत्यांची यादी वाचा. धार्मिक प्रथा पाळण्यापासून, समारंभात, मिरवणुकीत भाग घेण्यापासून रोखणं, प्रार्थनास्थळात जाण्यापासून रोखणं हे सगळं त्यात आहे. आज आरोपी-पीडित एकाच समुदायाचे हवेत अशी अट आहे, म्हणून निदान परंपरा दोघांनाही ठाऊक असते. ती अट काढली आणि यादी तशीच ठेवली तर काय होईल?

वारकऱ्यांच्या फडावर वीणा कोणाच्या गळ्यात द्यायची ते फड ठरवतो. माळ नसलेल्याला वीणा देत नाहीत. मांसाहार करणाऱ्यालाही देत नाहीत. तो माणूस दिंडीत चालतो, जेवतो, मुक्कामाला राहतो, त्याला कोणी हाकलत नाही, पण वीणा मिळत नाही. हा भेदभाव झाला का? बस्तीत पंचामृत अभिषेक कोणी करायचा, चर्चमध्ये प्रभुभोजन कोणाला द्यायचं, मशिदीत इमामत (नमाजाचं नेतृत्व) कोणी करायची, हे प्रश्न त्याच जातीचे. उद्या कोणी रागाने फौजदारी केली तर पारावर बसलेला फडकरी कोर्टाच्या पायऱ्या चढेल. दोन वर्षांनी निर्दोष सुटेलही, पण तोवर फड मोडलेला असेल.

'भेदभाव करू नये' एवढं मोघम वाक्य कायद्यात घालून भागणार नाही. काय चालेल आणि काय चालणार नाही ते लिहूनच द्या.

माणदेशी

दिंडीकर महाराज, तुमच्या काळजीचं उत्तर आपल्याच राज्याच्या एका कायद्यात आहे, आणि त्याचं मूळ साताऱ्यात आहे.

२०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे, त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं कामही इथून चालायचं. २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाला, लगोलग अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. त्याआधी कितीतरी वर्षं विधेयक अडलं होतं, आणि अडण्याचं मोठं कारण हेच होतं की वारकरी आणि इतर मंडळींना वाटायचं, उद्या कीर्तनावर बंदी येईल.

मग झालं काय? कायद्याची रचनाच बदलली. 'अंधश्रद्धा' म्हणजे काय याची व्याख्या करण्याच्या भानगडीत कायदा पडलाच नाही. गुन्हा ठरणारी कृत्यं अनुसूचीत एकेक करून लिहिली, अशा १२ नोंदी. आणि वेगळं व्यावृत्तीचं, म्हणजे कायद्यातून सूट देणारं, कलम घातलं: प्रदक्षिणा, यात्रा, परिक्रमा, हरिपाठ, कीर्तन, प्रवचन, भजन, घरातली-देवळातली-दर्ग्यातली-चर्चमधली उपासना, संतांच्या चमत्कारांचं कथन, कान टोचणं, जैनांचं केशलोचन, यातलं काही गुन्हा नाही. शारीरिक इजा आणि आर्थिक नुकसान नसलं की झालं. केशलोचनापर्यंत बारकाईने लिहिलंय, कारण लोकांनी तेवढ्याच बारकाईने हरकती घेतल्या होत्या.

भेदभावाच्या कायद्यालाही हीच रचना लागेल. एका अनुसूचीत सेवा आणि जागा मोजून लिहायच्या, ज्या कोणीही कोणाला धर्म-जातीवरून नाकारू शकत नाही. पाणी, दळण, रेशन, दूध संकलन, किराणा, दवाखाना, शाळा, स्मशान, रस्ता, यात्रेतला ओटा, भाड्याचं घर, मजुरी. दुसऱ्या कलमात ज्यात राज्य हात घालणार नाही ते: पुजारी, इमाम, पास्टर, फडकरी यांची निवड, पूजेचा आणि संस्काराचा विधी, दीक्षा, मठाचा उत्तराधिकार, विधीतले मान, आहाराचे नियम. तुमची वीणा दुसऱ्या कलमात जाते.

२०१३ च्या कायद्यात पोलीस ठाण्यासाठी दक्षता अधिकारी नेमायची तरतूद आहे, २०१६ च्या कायद्यात सामाजिक बहिष्कार प्रतिबंध अधिकाऱ्याची. आपल्या जिल्ह्यात तो कोण, हे जिल्हाधिकारी कार्यालयात माहिती अधिकारात विचारा. १० रुपयांचा अर्ज, ३० दिवसांत उत्तर. नवीन कायद्याची मागणी करण्याआधी जुन्याची पदं भरली आहेत का ते कागदावर हातात असलं पाहिजे.

मिरजवासी

मधली जागा सोडून चालणार नाही. अवघड प्रश्न तिथेच आहेत: धार्मिक संस्थेच्या मालकीची, पण धार्मिक नसलेली कामं.

देवस्थानाचं मंगल कार्यालय घ्या. ट्रस्टच्या सभासदांच्या धार्मिक कार्याला विनाभाडं देणार असतील, तर ते आपल्या लोकांपुरतं ठेवायला हरकत नसावी. पण दरपत्रक लावलंय, अनामत घेताय, जीएसटीची पावती फाडताय आणि येईल त्याला देताय, तर मग जात-धर्म विचारून 'तारीख शिल्लक नाही' म्हणता येणार नाही. माझ्या मते कसोटी मालकीची नसावी, व्यवहाराची असावी. लोकांसाठी पैशाने खुलं केलं की सगळ्या लोकांसाठी खुलं.

दवाखान्याचंही तसंच. मिरजेला मिशन हॉस्पिटलची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनची, डॉ. वानलेसांपासून. अशा संस्थेत चॅपलमधला पास्टर ख्रिस्तीच हवा, हे उघड आहे. वॉर्डातली नर्स, एक्स-रे काढणारा, वॉचमन यांच्यासाठी धर्माची अट लावता येऊ नये. आणि रुग्णाबाबत तर प्रश्नच नाही. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्याच लागतात, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ४१अअ खाली. म्हणजे संस्थेला सवलत आणि त्याबदल्यात सर्वांसाठीचं बंधन, हे तत्त्व राज्याने आधीच मान्य केलेलं आहे. त्याच कायद्याच्या ४१अ खाली धर्मादाय आयुक्त विश्वस्तांना निर्देश देऊ शकतात. नवीन कायद्यात मंगल कार्यालय, भक्तनिवास, ट्रस्टचे दुकानगाळे यांच्या तक्रारी आधी तिकडे पाठवता येतील. पोलीस ठाण्यापेक्षा बरं. गाळा परत मिळतो आणि गावात वैरही वाढत नाही.

विधीतल्या मानांबद्दल माणदेशींनी लिहिलं ते बरोबर, पण 'मान' म्हणजे नेहमी उच्चनीच असतो असं नाही. मिरजेत ख्वाजा शमना मीरांच्या उरुसाला पहिला गलेफ (कबरीवर चढवायची चादर) चर्मकार समाजाचा असतो. कोणीतरी समतेच्या नावाने हा क्रम मोडायला निघालं तर नुकसान कोणाचं? मान व्यावृत्तीत राहू द्या. फक्त मान आणि मालकी वेगळी ठेवा. पंढरपूरला बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क १९७३ च्या कायद्याने काढले, आणि ते २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकलं. पूजेच्या विधीला धक्का न लावता कारभार आणि उत्पन्नाचे हक्क बदलता येतात.

सहकार_सातारा

घराबद्दल दोन गोष्टी.

सहकारी गृहनिर्माण संस्थेने पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारायचं नाही, हे १९६० च्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम २३ मध्ये आहे. अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर अर्जदार सभासद झाला असं मानलं जातं. नाकारलं तर निबंधकाकडे अपील. सोसायटीवाले लेखी नकार देत नाहीत, 'कमिटीत ठेवतो' म्हणतात. अर्ज हाती देऊ नका. पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा, म्हणजे तीन महिने कधीपासून मोजायचे यावर वाद राहत नाही.

पण २००५ मध्ये झोरोस्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पारशांपुरतं सभासदत्व ठेवणारी पोटनियमाची अट मान्य केली. तो खटला गुजरातचा. त्या निकालाचा सूर असा की, कायद्यात स्पष्ट मनाई नसेल तर न्यायालय ती सार्वजनिक धोरण म्हणून बाहेरून आणणार नाही. म्हणजे मनाई विधिमंडळानेच लिहायला हवी. सहकारी संस्था हा घटनेतल्या राज्य सूचीतला, म्हणजे राज्याने कायदा करायचा, विषय आहे, नोंद ३२. कोणाची परवानगी अडत नाही.

भाड्याच्या घराचं मात्र अवघड. अनुच्छेद १५(२) मध्ये दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, घाट, रस्ते आहेत, घर नाही. घरमालक स्वतः राहतो त्या घरातली एखादी खोली देत असेल तर त्याच्यावर सक्ती करू नये, हे माझं मत. दोन-चारपेक्षा जास्त सदनिका भाड्याने देणारा, एजंट आणि जाहिरात यांना मनाई असावी. 'फक्त अमुक समाजासाठी' अशी जाहिरात सिद्ध करायला सगळ्यात सोपी, कारण ती छापलेली असते.

कृष्णाकाठ

सहकार, समाजाच्या बोर्डिंगांचं काय? आपल्या सांगलीत दक्षिण भारत जैन सभेची १८९९ पासूनची परंपरा आहे, इतर समाजांचीही वसतिगृहं आहेत. ती या मनाईत सापडायला नकोत.

सहकार_सातारा

नाही सापडणार, जर व्यावृत्तीत 'आपल्या समाजाच्या शिक्षणासाठी किंवा साहाय्यासाठी चालवलेला धर्मादाय उपक्रम' असं लिहिलं तर. शासनाचं अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला केवळ धर्म, जात, भाषा यावरून प्रवेश नाकारता येत नाही, हे अनुच्छेद २९(२) मध्ये आधीच आहे. त्यामुळे अनुदानित शाळा वेगळी आणि स्वतःच्या देणगीवर चालणारं वसतिगृह वेगळं.

माणदेशी

मसुदा होईल तेव्हा होईल. आज ज्यांच्यावर बहिष्कार आहे त्यांची तक्रार कशी लिहायची ते लिहितो, कारण खटले कायद्याच्या फटीत जितके पडतात तितकेच कच्च्या फिर्यादीत पडतात.

'आमच्यावर बहिष्कार टाकला' हे वाक्य फिर्यादीत निरुपयोगी. कृत्य लिहा. कोणत्या तारखेला, कुठे बैठक झाली, पंच कोण होते, कोणी काय शब्द वापरले, दंड किती ठोठावला, कोणाच्या हातात दिला, त्यानंतर कोणत्या दिवशी गिरणीवाल्याने दळण परत केलं, कोणी लग्नाची पत्रिका परत मागितली. प्रत्येक घटनेपुढे साक्षीदार. दळण परत केलेला माणूस स्वतः साक्ष देणार नाही, पण त्या वेळी गिरणीत उभी असलेली दुसऱ्या समाजाची बाई देऊ शकते. साक्षीदार शक्यतो जातीबाहेरचे शोधा, त्यांच्यावर पंचांचा धाक चालत नाही.

आरोपींचा ठरलेला बचाव: 'आम्ही कोणाला काही सांगितलं नाही, लोकांनी आपणहून बोलणं सोडलं.' एकट्या माणसाने बोलणं सोडणं, लग्नाला न बोलावणं हा गुन्हा नाही आणि नसावाही. गुन्हा आहे तो फर्मान काढणं, चिथावणं, दबाव आणणं. म्हणून सगळा जोर फर्मानाच्या पुराव्यावर हवा. दंडाची पावती किंवा वहीतली नोंद, बैठकीचा निरोप, माफीनामा लिहून घेतला असेल तर त्याची प्रत. पंच लोक माफीनामा आवर्जून लिहून घेतात, आणि तोच पुढे त्यांच्याविरुद्ध सगळ्यात भक्कम कागद ठरतो.

पोलीस ठाण्यात अदखलपात्र म्हणून नोंदवून परत पाठवतात. गुन्हा दखलपात्र आहे, तसं अर्जातच लिहा आणि कायद्याची प्रत जोडा. नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) १७३(३) प्रमाणे तीन ते सात वर्षांच्या आतल्या गुन्ह्यात उपअधीक्षकाच्या परवानगीने १४ दिवस प्राथमिक चौकशी करता येते. कोणी 'चौकशी चालू आहे' म्हणालं तर ती परवानगी कोणत्या तारखेची ते विचारा, १४ दिवस संपले की लेखी स्मरण द्या. नोंद झालीच नाही तर पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने, आणि तिथेही नाही तर १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. २०१६ च्या कायद्यात थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायचीही सोय आहे. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

बैठक होणार हे आधी कळलं तर गुन्ह्याची वाट पाहू नका. जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज करा, अशा बैठकीला मनाई करण्याचा अधिकार कायद्याने त्यांना दिलाय. अर्जात जागा आणि वेळ हवी.

समेटाबद्दलही सांगतो. पीडिताच्या संमतीने आणि न्यायालयाच्या परवानगीने गुन्हा मिटवता येतो. देवळात बसून केलेला समेट नको. न्यायालयासमोर, कोणती बंधनं उठली ते एकेक लिहून. नाहीतर सहा महिन्यांनी तेच सुरू होतं. जानेवारी २०२२ मध्ये पलूस पोलीस ठाण्यात आंतरजातीय विवाह केलेल्या जोडप्यांवरच्या बहिष्कारावरून एका जात पंचायतीच्या पंचांवर याच कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. आपल्या जिल्ह्यात हा कायदा वापरात येऊ शकतो. कागद तयार असला की येतो.

वाईकर_ताई

फर्मान व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलं असेल तर? स्क्रीनशॉट चालतो का?

खटावकर (वकील)

ताई, नुसता स्क्रीनशॉट लंगडा पडतो. साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, आता त्याचे दोन भाग आहेत. एक मोबाइल ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश किंमत (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) लिहावी लागते. तोवर करायचं ते असं: ग्रुप सोडू नका, मेसेज डिलीट करू नका, मोबाइल बदलू नका, चॅट मीडियासह एक्स्पोर्ट करून ठेवा, पाठवणाऱ्याचा नंबर नावासकट दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. बऱ्याचदा पहिली चूक हीच होते की पीडित रागाने ग्रुप सोडतो. त्यानंतरचे मेसेज त्याला दिसत नाहीत, आणि नेमके तेच जास्त बोलके असतात. व्हॉइस मेसेज असेल तर मूळ फाइलच ठेवा. दुसऱ्या मोबाइलवर वाजवून केलेली रेकॉर्डिंग ही मूळ फाइल होत नाही.

मुदतीचंही बघा. तीन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याची दखल न्यायालय तीन वर्षांच्या आतच घेतं. बहिष्कार चालू असेल तर तो चालू राहणारा गुन्हा म्हणून मांडता येतो, पण त्यासाठी अलीकडचं एखादं कृत्य तारखेसह फिर्यादीत हवंच.

कृष्णाकाठ

वरच्या चर्चेवरून मुख्य कलमाचा कच्चा मसुदा टाकतोय. फाडून काढा.

"कोणतीही व्यक्ती, समूह, संस्था, जात पंचायत किंवा ग्रामसभा ही दुसऱ्या व्यक्तीस तिचा धर्म, पंथ, जात, लिंग, लैंगिकता, विवाह किंवा आजार या कारणावरून अनुसूचीतील सेवा, वस्तू किंवा जागा नाकारणार नाही, किंवा नाकारण्यास इतरांस फर्मावणार अथवा प्रवृत्त करणार नाही, मग ती व्यक्ती त्यांच्या समुदायाची असो वा नसो."

शेवटचा तुकडा फट बुजवतो. आजार घातला, कारण एचआयव्हीबाधितांना नोकरी, उपचार, भाड्याच्या घरात भेदभावापासून २०१७ च्या केंद्रीय कायद्याचं संरक्षण आहे, पण गावाच्या फर्मानाला तो पुरत नाही. तृतीयपंथीयांसाठीही २०१९ चा केंद्रीय कायदा आहे, राज्याच्या अनुसूचीने तो गावापर्यंत पोहोचेल.

खटावकर (वकील)

दोन सुधारणा. 'नाकारणार नाही' साठी आधी दिवाणी उपाय ठेवा: जिल्हा पातळीवर अधिकारी, ठरावीक दिवसांत सेवा पुन्हा सुरू करण्याचा आदेश, भरपाई. फौजदारी फक्त 'फर्मावणे' आणि आदेश मोडणे यासाठी. किराणा दुकानदार पहिल्याच फटक्यात आरोपी झाला तर तो पंचांच्या बाजूला जातो. त्याला आदेश मिळाला तर त्याच आदेशाचा कागद दाखवून तो पंचांपासून सुटतो.

दुसरं, अधिकार. स्मशानं राज्य सूचीत नोंद १०, यात्रा नोंद ७, सहकार ३२. पण फौजदारी कायदा आणि धर्मादाय संस्था समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही अधिकारात. केंद्रीय कायद्याशी टक्कर होईल तिथे २५४(२) खाली राष्ट्रपतींची संमती लागते, आणि २०१६ चं विधेयक वर्षभराहून जास्त काळ तिथेच होतं. ग्रामसभा आणि सहकार यांचा भाग वेगळ्या दुरुस्ती विधेयकांत घातला तर तो आधी लागू होऊ शकतो. सगळं एका गाडीत भरू नका.

दिंडीकर

अनुसूची आणि व्यावृत्ती वेगळी असेल तर माझी हरकत नाही. एकच प्रश्न राहिला. स्मशान अनुसूचीत घातलंत. गावाचं स्मशान सर्वांचं, मान्य. पण समाजाच्या स्वतःच्या दफनभूमी आहेत, लिंगायतांच्या, मुस्लिमांच्या, ख्रिस्ती मंडळींच्या. १९६२ चा वाद तिथेच तर होता. पंथाने ज्याला बाहेर काढलं त्याला तिथे पुरायचं की नाही?

खटावकर (वकील)

महाराज, सगळ्यात महत्त्वाची जागा दाखवलीत. इथे जमीन आणि विधी वेगळे करायचे. समाजाची दफनभूमी त्या धर्माच्या लोकांपुरती ठेवायला हरकत नाही, ते व्यावृत्तीत जाईल. पण जो त्या धर्मात जन्मला किंवा ज्याने तो स्वीकारला, आणि ज्याने स्वतःहून तो सोडलेला नाही, त्याच्या मृतदेहाला पंचांच्या किंवा धर्मगुरूंच्या निर्णयावरून जागा नाकारता येणार नाही. मात्र त्याच्या अंत्यविधीला अमुक स्वामींनी, मौलवींनी, पास्टरांनी आलंच पाहिजे, मंत्र किंवा नमाज म्हटलीच पाहिजे, अशी सक्ती कायदा करणार नाही. कुटुंबाने आपला माणूस आणावा. तक्रार आली तर आदेश काही तासांत हवा, त्यामुळे हा एक अधिकार जिल्ह्यावर न ठेवता तहसीलदाराला द्यावा, आणि पोलीस बंदोबस्ताचं कलम त्याला जोडून असावं. खड्डा खणायला नकार मिळाला तर ग्रामपंचायतीने मजूर द्यायचे, खर्च नंतर संस्थेकडून वसूल.

दिंडीकर

हे लिहून घ्या कृष्णाकाठ. 'स्वतःहून सोडलेला नाही' हे शब्द तसेच ठेवा.